पुढे केलेला पाय

माझ्या पायाला माझ्या आईशिवाय कुणी हात लावला नव्हता. त्यामुळे मुळा नदीच्या काठी, चालण्याच्या पहिल्याच संध्याकाळी, सोबत्यानं माझी टाच उचलून सरळ आपल्या मांडीवर ठेवली आणि अंगठ्यानं तळवा दाबायला सुरुवात केली, तेव्हा मी पाय असा ओढून घेतला की शेजारचं पातेलं लवंडलं आणि निम्मं पिठलं वाळूत गेलं.

"काय रं? गुदगुल्या व्हत्यात का?" तो म्हणाला.

गुदगुल्या नव्हत्या. मला धक्का बसला होता, आणि धक्का बसला की मला राग येतो. हा माझा जुना रोग आहे, अजून गेलेला नाही. मी काहीतरी फटकन बोललो. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पाय पुन्हा मांडीवर घेतला आणि दाबत बसला.

हा सोबती मिरजगावचा. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. आम्ही तिघं नगरला मास्तरकीच्या ट्रेनिंगला होतो आणि वसतिगृहात सगळे एकमेकांना गावाच्या नावानं हाका मारत. तो मिरजगाव, मी पाथर्डी. तिसरा नगरातलाच, शिंप्याचा मुलगा, म्हणून तो नगर. मिरजगावच्या घरी विहिरीवरची जमीन, दोन बैलजोड्या, गावात मान. माझं घर आजोबांच्या वेळी ख्रिस्ती झालेलं. त्याआधी आम्ही गावकुसाबाहेरचे. ख्रिस्ती झाल्यानं शाळा मिळाली, पुस्तकं मिळाली, विहीर काही मिळाली नाही. कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून आई रिकामी घागर घेऊन विहिरीपासून लांब बसलेली मी पाहिली आहे. ट्रेनिंगच्या मेसमध्येही माझं ताट पंगतीच्या टोकाला, हातभर जागा सोडून मांडलेलं असायचं. त्याबद्दल कुणी कधी बोलत नसे. नुसती जागा सोडलेली असे.

पायी निघण्याचं खूळ माझंच. वर्गावर नमुन्याचा पाठ घ्यायचा होता आणि मी भूगोलातला नदीचा उगम घेतला होता. फळ्यावर मुळा नदी काढली, हरिश्चंद्रगडाकडचे डोंगर काढले, पोरांना दोनदा म्हणायला लावलं. पाठ तपासणारे गुरुजी शेवटी म्हणाले, "छान. तुम्ही स्वतः पाहिलाय का उगम?" मागे बसलेले सगळे हसले. माझं टाळकं फिरलं. दिवाळीच्या सुट्टीत बघून येतो, असं मी तिथल्या तिथं बोलून बसलो आणि मग माघार घ्यायची सोय राहिली नाही. नगर गंमत म्हणून यायला तयार झाला. मिरजगावनं कारण सांगितलं नाही. निघायच्या दिवशी तो घोंगडी खांद्यावर टाकून दारात उभा होता.

राहुरीपर्यंत रेल्वेनं गेलो आणि तिथून नदीचा काठ धरला. पहिल्या दिवशी आम्ही इतक्या ताठ्यात चाललो की दुपारीच गावाभोवतीच्या शेतवस्त्या मागं पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या अशा भरून आल्या होत्या की परसाकडला बसायचं तर झाडाचं खोड धरावं लागे, आणि उठायचं तर दुसऱ्याला हाक मारावी लागे. नगरच्या पायात लष्कराच्या भंगारातले बूट होते, दोन नंबरांनी मोठे. आत त्यानं बापाच्या दुकानातल्या चिंध्या कोंबल्या होत्या. संध्याकाळी तो त्या चिंध्या बाहेर काढून दगडावर वाळत घालायचा आणि आम्ही दोघं वाऱ्याची दिशा बघून जागा बदलायचो. मिरजगावनं या वाटेसाठी म्हणून नव्या वहाणा घेतल्या होत्या. त्यांना तेल पाजायला वेळ मिळाला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगठ्याशी आणि टाचेवर फोड आले, तिसऱ्या दिवशी ते फुटले. माझे पाय मात्र शाबूत होते आणि त्याचा मला फार गर्व होता.

आम्ही दोन नियम केले होते. प्रत्येक ओढ्याला पुढं चालणारा बदलायचा, आणि जो पहिल्यांदा कुरकुर करील त्यानं दिवसभर पातेलं वाहायचं. पातेलं पितळेचं होतं, ते पाठीत नेमकं एकाच हाडाला लागायचं. त्यामुळे कुणी कुरकुर करत नसे. पोटऱ्यांत गोळे आले तरी आम्ही उभं राहून लांबची झाडं बघत असल्याचं सोंग करायचो. एकानं झाड बघायला सुरुवात केली की बाकीचे दोघंही निमूट झाड बघायचे.

आणि संध्याकाळी पाय दाबायचे. तिघांनी त्रिकोण करून बसायचं, प्रत्येकाचे पाय पुढच्याच्या मांडीवर. मी नगरचे दाबायचे, नगरनं मिरजगावचे आणि मिरजगावनं माझे. ही रीत मिरजगावनंच लावली, पहिल्या दिवशी, मला न विचारता. त्याच दिवशी दुपारी त्यानं माझ्या फडक्यातली, माझ्या आईच्या हातची भाकरी उचलून मोडली होती, तीही न विचारता. मी भाकरीकडं बघत राहिलो होतो. तिसऱ्या दिवशी चालताना माझ्या लक्षात आलं की मी संध्याकाळची वाट बघतोय. खरं सांगायचं तर मला जन्मात एवढा आनंद झाला नव्हता.

म्हणूनच पुढं जे झालं ते मला अजून समजत नाही.

त्या तिसऱ्याच दिवशी दुपारी, साकूर मागं टाकल्यावर, बाभळीचा काटा मिरजगावची वहाण भेदून टाचेत शिरला आणि आतच मोडला. नदीकाठी करंजाच्या सावलीत त्याला बसवून मी सुईनं टाच कोरली. बराच वेळ लागला. तो दात खाऊन बसला होता, नगर त्याला वारा घालत होता. काट्याचं टोक निघालं. मग मी माझ्या गाठोड्यातून आईनं बांधून दिलेले चार बिब्बे काढले.

आमच्याकडं पायाला काही झालं की बिब्बा. काटा मोडला, टाच फुटली, पावसात बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, बिब्बा लावायचा. काळं, गुळगुळीत, बोराएवढं फळ. त्यात सुई खुपसून ते दिव्यावर धरलं की काळं तेल सुटतं, आणि त्याचा चटका जखमेला दिला की माणूस दुसऱ्या दिवशी शेतात उभं राहतं. आई मला लहानपणापासून लावत आली होती. मी काड्या पेटवून जाळ केला, बिब्बा सुईवर धरला, तेल फसफसायला लागलं.

मिरजगावनं पाय जवळ घेतला.

"नको," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे. बिब्बा नको."

एवढंच. पुढं काही नाही. त्यानं पाय आखडून धोतराखाली घेतला होता आणि माझ्या हाताकडं बघत होता.

आई रिकामी घागर घेऊन बसलेली मला दिसली. पंगतीतली हातभर जागा दिसली. दोन संध्याकाळी ज्यानं माझे पाय दाबले होते त्याच्याबद्दल माझ्या मनात एका क्षणात हे सगळं आलं. विचारलंही नाही की का नको. माझ्या तोंडून जे निघालं ते मला शब्दाशब्दानं आठवतं.

"कामून? भाकरी चालती, पाय दाबलेले चालत्यात, अन् औषध चालत न्हाई व्हय? आमच्या हातचं औषध रगतात जातं म्हनून? तसं सांग की मंग सरळ!"

नगर म्हणाला, "अरे, तू काय बोलतोयस!" मी त्यालाही गप्प बसवलं. बिब्ब्याचं तेल जाळात पडून धूर होत होता.

मिरजगावचा चेहरा आधी नुसता पडला. मग त्यानं पाय धोतराखालून काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"लाव," तो म्हणाला.

मी लावला. आणि नुसता काट्याच्या जागी नाही. मन मोठं झाल्यासारखं मी त्याच्या सगळ्या फोडांना, दोन्ही पायांना लावला. राग ओसरला होता, मी जिंकलो होतो, आणि जिंकल्यावर मी उदार होतो. बोटं पंच्याला पुसली. त्याच पंच्यानं त्यानं थोड्या वेळानं तोंडावरचा घाम पुसला. ते मी पाहिलं, पण त्यात पाहण्यासारखं काही आहे हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो मागं पडत होता. आम्ही थांबलो की तो झाडं बघायचा. मी विचारलं तर म्हणाला, "खाजतंय जरासं." संध्याकाळी कोतूळला पोचल्यावर त्यानं पाय दाबून घ्यायला नकार दिला आणि घोंगडी तोंडावर घेऊन पडला. मी पुन्हा मनात तेच धरलं. याला अजून राग आहे, असू दे, असं म्हणून मीही पाठ फिरवून झोपलो.

सकाळी तो उठून चालायला लागला होता, आमच्या आधी. डोकं खाली घातलेलं, टॉवेल तोंडाभोवती गुंडाळलेला. डोंगर जवळ आले होते, वाट चढणीची होती. कोस-दीड कोस गेल्यावर तो वाटेतच खाली बसला. नगरनं त्याच्या तोंडावरचा टॉवेल बाजूला केला आणि तो मोठ्यानं ओरडला.

मी माझ्या आयुष्यात मेलेली माणसं पाहिली आहेत, पटकीत गेलेली पाहिली आहेत. पण त्या चेहऱ्यानं मला जसा हादरा दिला तसा कशानंच दिला नाही. डोळे नव्हतेच. डोळ्यांच्या जागी फुगलेल्या कातडीच्या दोन चिरा होत्या. ओठ पालथे झालेले, गाल लालभडक, त्यावर बारीक पाण्याचे फोड. पायाला गुंडाळलेलं फडकं सोडलं तर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कातडी फोडांनी भरली होती आणि त्यातून लस गळत होती. असल्या पायांनी तो चढण चढत होता. अंगात ताप होता.

"डोळं उघडंना झालं," तो म्हणाला. "तुमी कुटं हायसा?"

मी त्याचा हात धरला.

नगरनं घोंगडीची डोली करायची म्हटलं. ओढ्याच्या कडेला बांबू मिळाला. घोंगडीची टोकं बांबूला बांधली, त्याला आत घातलं, पुढं नगर आणि मागं मी. त्या चढणीवर दर वीस पावलांना खांदा बदलावा लागायचा. नगरचे बूट घसरत होते. शेवटी त्यानं ते वाटेवर काढून टाकले आणि अनवाणी चालला. मागं राहिलेल्या माझ्या डोळ्यांसमोर सबंध वेळ ते दोन पाय होते, घोंगडीतून बाहेर आलेले. बिब्ब्याचा काळा डाग जिथं जिथं होता तिथून सूज सुरू झाली होती. मला कळायला लागलं होतं. मी ते कळू देत नव्हतो.

डोंगराच्या पायथ्याला कोळ्यांची सात-आठ घरांची वाडी होती. एका म्हातारीनं आम्हाला ओट्यावर घेतलं, वाकून त्याच्या पायाचा वास घेतला आणि सरळ उभी राहिली.

"बिब्बा उतलाय ह्याला," ती म्हणाली. "कंच्या येड्यानं लावला?"

बिब्बा उततो म्हणजे एखाद्याच्या अंगाला तो सोसत नाही, सगळं अंग सुजून फुटून येतं, हे मी ऐकून होतो. पण आमच्या घरात, आमच्या वस्तीत कुणाला उतला नव्हता. जे आपल्याला सोसतं ते सगळ्यांना सोसतं, अशी माझी समजूत. मी डोलीच्या गाठी सोडत बसलो. नगर माझ्याकडं बघत नव्हता, आणि त्यानं न बघणं मला बघण्यापेक्षा जड गेलं.

म्हातारीनं तीळ वाटले, लोण्यात कालवले आणि त्याच्या अंगाला थापायला लागली. थापता थापता तिनं विचारलं, "याआदी कवा उतला हुता का रं, लेकरा?"

"व्हय," मिरजगाव म्हणाला. "ल्हानपनी. काजळाएवढाच लावला हुता. आठ दिस डोळं मिटलं हुतं."

"आन् तरी लावू दिलास?"

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

मी ओट्याच्या खांबाला धरून खाली बसलो. त्याला माहीत होतं. नको म्हणाला तेव्हा माहीत होतं, पाय माझ्या मांडीवर ठेवला तेव्हा माहीत होतं, कोतूळला तोंड झाकून पडला तेव्हाही माहीत होतं.

"सांगितलं कामून न्हाई?" मी ओरडलोच. चूक माझी आणि ओरडतोयही मीच. "एक शबुद बोलला असतास!"

नगर म्हणाला, "बोलायला जागा ठेवली होतीस का तू?"

चार दिवस आम्ही त्या ओट्यावर राहिलो. उगम तिथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होता, वाडीतली पोरं आम्हाला घेऊन जायला तयार होती. मी गेलो नाही. तो आंधळा झाला तर, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. आंधळ्याला मास्तर कोण करणार? म्हातारी म्हणायची, उघडतील डोळं, पण ती हे सांगताना माझ्याकडं बघायची नाही. मी येशूची प्रार्थना केली, आणि म्हातारीनं तिच्या देवापुढं अंगारा लावला तेव्हा तिथंही हात जोडले. तीळ वाटून वाटून माझ्या तळहाताला फोड आले. चौथ्या दिवशी सकाळी त्याचा डावा डोळा किलकिला झाला. तो बराच वेळ माझ्याकडं बघत होता.

"पाथर्डी," तो म्हणाला, "लई वंगाळ दिसतूस."

नगर हसला आणि मग एकदम रडायला लागला. मी उठून घरामागं गेलो.

परत येताना वाडीची माणसं डोली पुढच्या वाडीच्या शिवेपर्यंत आणून देत, तिथून पुढचे उचलत. कोतूळपासून बैलगाडी मिळाली, संगमनेरहून मोटार. नगर शहरात आमचा नगर आपल्या घरी राहिला; तिथून मिरजगावला पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशावर चालणारी मोटार जायची. तीत बसवून मी त्याला घरी पोचवायला गेलो. एव्हाना तो काठी टेकत चालत होता.

त्याच्या आईनं त्याला अंगणातच धरलं, पायांवरून हात फिरवला, खपल्या पाहिल्या. "बिब्बा!" ती म्हणाली. "तुला ठाव न्हवतं का रं, मुडद्या?"

"मीच लावून घ्येतला, आये," तो म्हणाला. "काटा मोडला हुता."

माझ्याविषयी त्यानं माझं ख्रिस्ती नाव आणि गाव पाथर्डी, इतकंच सांगितलं. पण त्याच्या आईला समजायचं ते समजलं. मला पडवीत बसवलं. ताट आलं ते पत्रावळीचं. त्याचं पितळेचं ताट तिनं आत मांडलं होतं. तो काठी टेकत बाहेर आला, माझ्या समोर खाली बसला आणि माझ्या पत्रावळीतली भाकरी मोडून खायला लागला. आई दारात उभी होती. तिच्या तोंडाचा रंग उतरला. म्हणजे माझा संशय अगदीच हवेतला नव्हता. तो त्या घराबद्दल खरा होता, फक्त त्या माणसाबद्दल नव्हता.

"तुमी दोघं संगं असून येकानंबी आडवलं न्हाई याला?" तिनं मला विचारलं.

मी हातातला घास खाली ठेवला. मी गप्प राहिलो असतो तर निभावलं असतं. त्यानं माझ्यासाठी तशी सोय करून ठेवली होती.

"मावशी, बिब्बा मी लावला," मी म्हणालो. "तो नको म्हनत हुता."

ती आधी माझ्याकडं आणि मग मुलाकडं बघत राहिली. मला वाटलं, आता मार बसेल. मला तो हवाही होता.

"मंग पाय कशापायी दिलास?" तिनं त्याला विचारलं.

"तुझ्याच घरचा हाय ना मी," तो म्हणाला. "न्हाईच म्हनत ऱ्हायलो आसतो तर त्यानं काय समजायचं?"

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा एका हातात मुलासाठी पाण्यानं भरलेलं फुलपात्र होतं आणि दुसऱ्या हातात तांब्या. फुलपात्र तिनं त्याच्यापुढं ठेवलं. मी सवयीनं दोन्ही हातांची ओंजळ केली. ती वरून, बोट न लागेल इतक्या उंचावरून, पाणी ओतायला लागली. मी प्यालो. मान वर केली तर फुलपात्र तसंच भरलेलं होतं, आणि त्यानं माझ्या ओंजळीशेजारी स्वतःची ओंजळ धरली होती.

"आये, मलाबी," तो म्हणाला.

तिचा तांब्या हवेतच थांबला. आम्ही दोघं हात पुढं करून बसलो होतो. त्याच्या मनगटावरची बिब्ब्याची सूज अजून पुरती उतरली नव्हती.